सही मागे घेणाऱ्या गावसबाई

श्रीमती वत्सला गावस, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या गावसबाई, यांची आणि माझी पहिली भेट तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एका गटाराच्या काठावर झाली. गौरवग्रंथात गटार शोभत नाही हे मला कळतं. या ग्रंथात लिहिणाऱ्या थोर मंडळींना बाई सभागृहात किंवा महाविद्यालयात भेटल्या असतील. मला गटारावर भेटल्या, त्याला माझा इलाज नाही.

मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. गाव दोडामार्गाकडचं, वडील मुळगावच्या खाणीवर टिपर चालवायचे. सातवीत शाळा सोडल्यापासून मी टिपरवर क्लीनर, पोदेराच्या भट्टीवर पाव भाजणारा, हॉटेलात भांडी धुणारा अशी पाच कामं धरली आणि सोडली होती. सहावं काम तुयेला, मासळी साफ करून डब्यांत भरणाऱ्या एका कारखान्यात. माझ्याकडे लाद्या आणि मेजं धुण्याचं काम होतं. पांढऱ्या कॅनमधलं जंतुनाशक औषध बादलीत ओतायचं, पाणी घालून फेस काढायचा, घासायचं आणि सगळं मागच्या गटारात सोडायचं. गटार जातं व्हाळात, म्हणजे ओढ्यात, व्हाळ जातो मानशीला आणि मानशीतून पाणी शापोरा नदीत. मानस म्हणजे भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधाला बसवलेलं लाकडी दार. त्या दाराशी जाळं लावून मासळी धरायचा हक्क गावात एकाकडे असतो. तेव्हा तो साबाजीकडे होता.

त्या दिवशी मी बादली उपडी करणार एवढ्यात खालून आवाज आला, "आरे थांब, थांब! हें कितें ओतता तूं?"

बघतो तर पन्नाशीच्या एक बाई, निऱ्या कमरेला खोचून, गटारात वाकलेल्या. हातात दोरी बांधलेली बाटली. मी म्हटलं, "लादी धुवचां औषध, बाई."

"मघाशी तुमचे सायब सांगतात की साबण. साबण की औषध?"

मी आत जाऊन कॅनच उचलून आणला. बाईंनी त्यावरचं इंग्रजी लेबल सावकाश वाचलं, आणि मग म्हणाल्या, "हात दाखय पळोवया." माझ्या तळव्यांची सालटं निघाली होती. त्यांनी ती बघितली, पिशवीतून खोबरेल तेलाची छोटी बाटली काढून मला दिली आणि आल्या तशा गेल्या. साबाजीची मासळी मानशीत उलटी होऊन तरंगते, अशी तक्रार होती. बाई त्या दिवशी फक्त जागा बघायला आल्या होत्या.

कॅन बाहेर नेला म्हणून दुसऱ्या दिवशी माझं काम गेलं. मी तडक डिचोलीला, बाई जिथं काम करत होत्या त्या पाणी तपासायच्या छोट्या प्रयोगशाळेत गेलो. दारातूनच म्हटलं, "तुमच्यापायी माझां काम गेलां."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मग हांगाच राव. आमचो बाटल्यो धुवपी गेल्या म्हयन्यांत निवृत्त जालो."

माझी सातवी नोकरी अशी लागली. ती मी चार वर्षं केली. आईला शेवटपर्यंत खरं वाटलं नाही.

बाईंच्या कामाबद्दल विद्वानांनी या ग्रंथात लिहिलं असेलच. मी माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो. कारखाने, इस्पितळं, दूध डेअऱ्या जंतू मारायला जी फेसाळ औषधं वापरतात, ती पाण्याबरोबर व्हाळात जातात. पाणी दिसायला स्वच्छ. वास नाही, थोड्या वेळानं फेसही नाही. पण औषध तिथंच असतं, आणि जंतू मारणारं औषध मासळीच्या कल्ल्यांनाही सोडत नाही. बाई ते शोधायच्या. तोटी असलेल्या काचेच्या भांड्यात व्हाळाचं पाणी घ्यायच्या, त्यात एक निळा रंग टाकायच्या, मग क्लोरोफॉर्म ओतून भांडं हलवायच्या. क्लोरोफॉर्म जड, तो तळाला बसतो. पाण्यात औषध असेल तर निळा रंग औषधाचा हात धरून तळाला उतरतो. नसेल तर रंग वरच राहतो आणि तळ काचेसारखा पांढरा. निळा जितका गडद, तितकं औषध जास्त. मी पहिल्यांदा विचारलं, "बाई, कसां काय कळतां तुमका?" तर म्हणाल्या, "माका कळना रे. रंगाक विचार."

आता जे सांगायचं ते सांगतो.

मी लागल्यानंतर दहाएक दिवसांनी पंचायतीच्या दोन माणसांसमोर तुयेच्या व्हाळाचं पाणी रीतसर घेतलं गेलं. बाटल्या मी धुतल्या होत्या. आईनं शिकवलं होतं की भांडं असं धुवावं की त्यात तोंड दिसावं. मी बाजारातून कपडे धुवायची पूड आणली, बाटल्या तिच्यात भिजवल्या, घासल्या. उन्हाळ्यात नळाला पाणी कमी, म्हणून एकदाच विसळल्या आणि फडक्यानं चकाचक पुसल्या. भिंतीवर बाटल्या कशा धुवाव्यात याचा कागद लावलेला होता. तो इंग्रजीत होता. मला तो वाचता येत नव्हता, आणि विचारायची लाज वाटली.

तळ पांढरा आला. औषध नाही. बाईंनी पुन्हा करून बघितलं. पुन्हा पांढरा. बाईंनी रिपोर्ट लिहिला, खाली सही केली.

तो कागद पंचायतीत पोचला आणि गावातली हवाच फिरली. व्हाळात औषध नाही, तर मासळी मेली कशानं? कुणीतरी म्हणालं, साबाजीनंच रामेठ्याची साल टाकली. रामेठा म्हणजे आमच्याकडचं झुडूप. त्याची साल ठेचून पाण्यात टाकली की मासळी गुंगते आणि हातानं धरता येते. चोरून मासे मारणारे असलं करतात. मानशीचा हक्क असलेल्या माणसानं ते करणं म्हणजे देवळातला दिवा पुजाऱ्यानं चोरणं. पुढची सभा होईपर्यंत साबाजीनं मानशीवर पाय ठेवायचा नाही, असं ठरलं. सभेत त्याचा हक्क कायमचा काढणार, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

साबाजी प्रयोगशाळेत आला. साठीचा माणूस, डोक्याला पंचा. बसा म्हटलं तर बसला नाही.

"बाई, तुमच्या कागदान माका चोर केलो."

बाई म्हणाल्या, "साबाजी, जें दिसलां तें बरयलां." बरयलां म्हणजे लिहिलं.

"दिसलां न्हय, तुमका दिसूंक ना. माजो बापूय त्याच मानशीर बसलो, आजो बसलो. कोणे रामेठो घालूंक ना. आतां पोरां माका पळोवन शिळोणी घालतात." शिळोणी म्हणजे शिट्ट्या.

तो गेल्यावर मी तिथंच उभा होतो. माझ्यानं राहवलं नाही. "बाई, तां औषध व्हाळात आसा. मी स्वतः ओतलंय. रोज. चार-चार बादल्यो."

बाई हळूच म्हणाल्या, "तूं ओततालो तें माका खबर आसा. मग तें गेलें खंय?" आणि त्यांनी माझ्या हातातल्या चकचकीत बाटलीकडे पाहिलं. "ही कशी धुतलीस?"

मी सांगितलं. अभिमानानंच सांगितलं.

बाईंनी दोन बाटल्या मांडल्या. एक मी धुतलेली, दुसरी त्यांनी स्वतः आम्ल, शुद्ध पाणी आणि अल्कोहोल लावून धुतली. दोन्हींत शुद्ध पाणी भरलं आणि तपासणीसाठी तुयेच्या कारखान्यातून रीतसर घेतलेल्या कॅनमधल्या औषधाचा एकेक थेंब टाकला. दोघांचं परीक्षण माझ्यासमोर केलं. त्यांच्या बाटलीचा तळ शाईसारखा निळा झाला. माझ्या बाटलीचा पांढराच राहिला.

"कपडे धुवपाच्या पुडीक आनी ह्या औषधाक एकामेकांचें बरें जमता," बाई म्हणाल्या. "तीं दोगां हात धरून बसतात. मग निळ्या रंगाचो हात कोण धरतलो?"

मी म्हटलं, "बाई, म्हणजे साबाजीला चोर मी केलं. मी जातो. आजच जातो."

"खंय वतलो? आठवें काम सोदूंक?" असं म्हणून बाई उठल्या आणि भिंतीवरच्या त्या इंग्रजी कागदासमोर उभ्या राहिल्या. त्या दिवसांत अख्ख्या गोव्यात मराठी की कोंकणी यावरून घरं फुटत होती, भिंती घोषणांनी भरल्या होत्या. आमच्या भिंतीवर दोन्ही नव्हत्या. बाई म्हणाल्या, "चूक तुजी न्हय. वणटीची. आनी वणटीर कागद लायिल्लो हांवें." वणट म्हणजे भिंत, हांवें म्हणजे मी. त्याच संध्याकाळी त्यांनी तो कागद काढला आणि ठळक अक्षरांत दोन कागद लावले, एक मराठीत, एक कोंकणीत. दोन्हींची पहिली ओळ एकच होती: बाटलीला साबण लावू नये.

आता नवं पाणी हवं होतं. सभा चार दिवसांवर. कारखान्याची मोठी धुलाई मासळी येत नसेल त्याच दिवशी व्हायची, आणि नेमका तो दिवस भाषेच्या आंदोलनातल्या बंदचा निघाला. रस्त्यांवर झाडं आडवी टाकलेली, बस नाही, जीप नाही. मी म्हटलं, राहू दे, पुढच्या आठवड्यात बघू. बाई म्हणाल्या, "फुडल्या सप्तकांत साबाजी मानशीर आसतलो?" मग आदल्या दिवशीच आम्ही तुयेला जाऊन एका घरी राहिलो. सकाळी ओहोटीला पंचायतीच्या त्याच दोघांना बोलावून व्हाळाचं पाणी घेतलं. बाईंनी बाटल्या स्वतः धुतल्या होत्या. हे औषध काचेलाही चिकटतं, बाटलीत जास्त वेळ राहिलं तर पाण्यातलं कमी दिसतं, म्हणून त्याच दिवशी डिचोलीला पोचणं भाग होतं. साबाजीनं होडीनं पलीकडे कामुर्लीला सोडलं. तिथं एका ओळखीच्याची सायकल मिळाली. मी चालवतो, आणि मागे कॅरियरवर गावसबाई, मांडीवर बर्फाच्या डब्यात चार बाटल्या! सरकारदरबारी मान असलेल्या बाई, आणि चढावर उतरून सायकलला धक्का मारतात.

अस्नोड्याच्या अलीकडे फणसाचं झाड आडवं टाकलेलं. पंधरा-वीस पोरं बसलेली. एक पुढं आला. "बाई, आज रस्तो बंद. परत चला."

"रस्तो बंद करा, बाबा. व्हाळ बंद करूंक येता तुमकां? आमी व्हाळाचें काम करतात."

"पैलीं सांगा, तुमी मराठीवाले की कोंकणीवाले?"

बाईंनी डबा उघडला. "ह्या बाटलेक विचार. तिका दोनूय येनात."

मागून एकजण ओरडला, "बाटलेत कितें गे? फेणी?"

"घे, वास घे."

त्यानं घेतला. मासळीच्या गटाराचं पाणी. त्याचं तोंड बघून बाकीचे फणसावरून खाली पडेपर्यंत हसले, आणि त्यांतल्याच दोघांनी सायकल उचलून झाडापलीकडे ठेवली. त्यांतला एक नंतर कोणत्या बाजूचा निघाला मला माहीत नाही. बाईंनाही नाही.

दुपारी तळ निळा आला. मी तो रंग अजून विसरलेलो नाही.

आता खरी गोष्ट. वरच्या साहेबांनी बाईंना बोलावलं. मी बाहेर जनेलाशी, म्हणजे खिडकीशी, उभा होतो, आवाज ऐकू येत होता. साहेब म्हणाले, "नवीन रिपोर्ट द्या, हरकत नाही. पहिल्याबद्दल काही बोलू नका. दिवसागणिक पाणी बदलतं, औषध नंतर आलं असेल, लोक तसंच समजतील. सही मागे घेतली की सगळ्या जुन्या रिपोर्टांवर बोट दाखवतील. आणि तुमची बढती पुढच्या महिन्यात आहे, हे विसरू नका."

बाई म्हणाल्या, "साहेब, औषध नंतर आलं असं समजलं, तर आधीची मासळी कुणी मारली? रामेठ्यानं. म्हणजे साबाजीनं. माझा पहिला कागद जिवंत असेपर्यंत तो माणूस चोरच राहणार."

सभा देवळाच्या मंडपात भरली. कारखान्याचे सायब आले होते, गावही जमला होता. साबाजी शेवटच्या खांबाशी, एकटा. बाई उठल्या, पिशवीतून पहिला रिपोर्ट काढला आणि म्हणाल्या, "हो कागद चुकीचो. हाचेर सही म्हजी. ती हांव फाटीं घेतां." मग चूक कशी झाली ते सगळं समजावून सांगितलं. मग दुसरा रिपोर्ट वाचला.

कारखान्याचे सायब उठले. "बाटल्या धुतल्या कोणी?"

मी मागे उभा होतो. हात वर करायला गेलो. बाईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि माझा हात अर्ध्यावर थांबला.

"म्हज्या प्रयोगशाळेन," बाई म्हणाल्या. "आनी प्रयोगशाळेची सही म्हजी."

"म्हणजे दुसरा रिपोर्ट तरी बरोबर कशावरून?"

बाईंनी चारांतली राखून ठेवलेली एक बाटली पुढे केली. "ही न्हेया. खंयच्याय प्रयोगशाळेंत तपासून घेया. काचेक चिकटून थोडें उणें दिसतलें, पूण दिसतलेंच. पूण साबण लावनाकात."

मंडप हसला. सायब बसले. एका म्हाताऱ्यानं मागे वळून साबाजीला हाक मारली, "आरे, खांब्याक कित्याक तेकलास? फुडें ये मरे." साबाजी पुढं आला. मानस त्याच्याकडेच राहिली. कारखान्यानं कुरकुर करत का होईना, गटाराला टाकी बांधली.

बाईंची बढती झाली नाही. त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलं. बाई निवृत्त होईपर्यंत आपल्याच जुन्या मेजाशी बसल्या आणि त्याबद्दल मी त्यांच्या तोंडून एक शब्द ऐकला नाही. मात्र त्यानंतर दर शनिवारी दुपारी त्या मला समोर बसवून इंग्रजी वाचायला शिकवू लागल्या. आधी औषधांची लेबलं, मग रिपोर्ट, मग वर्तमानपत्र. मी कंटाळायचो, उठून पळायचो. त्या म्हणायच्या, "वच, भोंवून ये. धडो खंय वचना." म्हणजे जा, फिरून ये, धडा कुठं जात नाही. मयेला त्यांच्या घरी कितीतरी रविवारी जेवलो असेन. त्यांचे यजमान शाळामास्तर. ते मला चिडवायचे, "हो मनीस जेवणा वेळार बरोच शिस्तीचो." माझा पासपोर्ट झाला तेव्हा अर्ज बाईंनी वाचून घेतला, लिहून दिला नाही. म्हणाल्या, "तूंच बरय. सही तुजी."

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्यानंतर काही काळानं मी मस्कतला आलो. इथं सांडपाणी साफ करायच्या एका मोठ्या केंद्रात प्रयोगशाळेत मदतनीस आहे. ही माझी आठवी नोकरी आणि ती मी अजून सोडलेली नाही. इथं बाटल्या धुणारे मल्याळी, बंगाली, पठाण. मी आल्यावर पहिलं काम केलं ते हे की, ज्याची जी लिपी, त्याच्याकडून त्याच्या लिपीत तो नियम लिहून घेतला आणि भिंतीवर लावला. आमच्या साहेबांनी विचारलं, ही कल्पना कुठली? म्हटलं, डिचोलीची.

या लेखाबद्दल एक सांगायला हवं. मी संपादक मंडळींना पहिला मसुदा पाठवला तेव्हा त्यांचं प्रेमानं पत्र आलं की साठीच्या ग्रंथात चुकीच्या रिपोर्टाचा प्रसंग नको, बाईंना वाईट वाटेल. मला पटलं. तरी मी बाईंना पत्र टाकून विचारलं. उत्तर आलं चार ओळींचं: "दत्ता, तो प्रसंग गाळलास तर तुझा लेख छापू देणार नाही. पण त्यात बाटल्या कुणी धुतल्या ते लिहायची गरज नाही." बाईंचा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदाच अर्धा पाळला. पहिला भाग पाळला. दुसरा मोडला, आणि बरं वाटलं. त्या मंडपात माझा हात अर्ध्यावर थांबला होता. तो आता वर केला आहे.

बाईंच्या साठीच्या दिवशी मी मस्कतच्या खोलीत होतो. आम्ही सहाजण राहतो, सगळे पेडणे, डिचोली, सावंतवाडीकडचे. देवाच्या फोटोपुढे नारळ ठेवला आणि गावाकडच्या रीतीनं गाऱ्हाणं घातलं. माझा आवाज काही गुरवाचा नव्हे, पण घातलं:

"बा देवा म्हाराजा! आज आमच्या गावसबाईंका साठ वर्षां पुरी झाली. त्यांका अशीच आणखी चाळीस वर्षां दी. त्यांच्या डोळ्यांका निळो रंग निळोच दिसांदे, पांढरो पांढरोच दिसांदे. पायांका मयेचो चढ लागां नये. हाताक कंप येवं नये. आणि आपली सही परत घेवची पाळी त्यांच्यार पुन्हा येवं नये, आणि कधी इलीच, तर ती घेवची ताकद त्यांच्या हातात तशीच रवांदे, रे म्हाराजा!"

आणि खोलीतले पाचहीजण एका आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा!"